पाच समुद्र आणि अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं

आमच्या संस्थेत आलेला कागद सात दिवसांच्या आत पुढे गेला पाहिजे, असा नियम आहे. मी आवक-जावक विभागाचा मुख्य लिपिक. गेल्या बावीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण हल्ली वसाहतीत मला बघून लोक रिकाम्या बादल्या आपटतात, आणि जिन्यात माझ्याबद्दल जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या पाठीमागे मला 'परिपत्रक' म्हणतात. म्हणोत बापडे. मी काही चुकीचं केलं असेल तर मला नियम दाखवा, मी राजीनामा देतो.

आमची संस्था आकाशाचा अभ्यास करते. म्हणजे वरच्या दोन मजल्यांवर शास्त्रज्ञ आकाशाचा अभ्यास करतात आणि तळमजल्यावर आम्ही शास्त्रज्ञांचा. संस्थेच्या मागेच कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. तीन इमारती, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, गच्चीवर टाक्या, आणि सकाळी साडेसहा ते आठ नळाला पाणी. दीडच तास, आणि धार करंगळीएवढी, पण यायचं. आमची ही त्या दीड तासात आंघोळी, धुणं, भांडी आणि माझ्याशी भांडण, एवढं सगळं उरकायची.

आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर, एक संशोधक बाई राहतात. वसाहतीत त्यांना ताऱ्याबाई म्हणतात. नाव ऐकून वाटेल, बाई रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असतील. छे हो, दहाला झोपतात. त्यांची दुर्बीण कुठल्या तरी लांबच्या कोरड्या पठारावर आहे. तिला जे दिसतं ते आकडे होऊन इकडे येतं, आणि बाई दिवसभर संगणकासमोर बसून त्या आकड्यांच्या वेड्यावाकड्या रेघा काढतात. सहा वर्षं एकाच ताऱ्याच्या रेघा! तारा अगदी लहान आहे, म्हणजे वय जेमतेम दहा लाख वर्षं. त्याच्याभोवती धुळीची आणि वायूची भलीमोठी चकती फिरतेय, आणि पुढेमागे त्या चकतीतून ग्रह तयार व्हायचेत. ते ग्रह कोरडे निपजणार की ओले, हा बाईंचा प्रश्न. घरी त्यांची म्हातारी आई, कमरेचं हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेली. एवढंच त्यांचं जग.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाई धावत ऑफिसचा जिना उतरल्या. चप्पल एकाच पायात.

"काका, पाणी सापडलं!"

मी ताबडतोब पाय वर घेतले. "कुठे गळतंय?"

"इथे नाही हो! तिथे, चकतीत!" आणि त्यांनी माझ्यासमोर एक कागद पसरला. त्यावर एक आडवी रेघ होती आणि रेघेच्या मधोमध एक टेंगूळ.

"एवढ्याशा टेंगळासाठी सहा वर्षं?"

"हे टेंगूळ म्हणजे पाण्याची वाफ आहे, काका. चकतीच्या बाहेरच्या थंड भागातून बर्फाचे खडे आत सरकत येतात. एका ठरावीक रेषेच्या आत आले की तापतात आणि त्यांची वाफ होते. आजवर अंदाज होते नुसते. आज दिसलं! पृथ्वीवरचे सगळे समुद्र पाच वेळा भरतील एवढं पाणी आहे तिथे." बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. मीही माणूस आहे. मी त्या कागदावर आवकचा शिक्का मारला, जरा जोरातच मारला, आणि त्यांना दुसरी चप्पल शोधून दिली.

त्या गेल्या आणि मग मला ते परिपत्रक आठवलं.

चार वर्षांपूर्वी कुठल्याशा कार्यालयाने सायकल स्टँडसाठी खड्डा खणला, तर झरा लागला. कटकट नको म्हणून त्यांनी तो गुपचूप बुजवला. तेव्हा पाणीपुरवठा खात्याने सगळ्या कार्यालयांना कळवलं होतं: 'कोणत्याही कर्मचाऱ्यास पाण्याचा कोणताही नवीन स्रोत आढळल्यास त्याची माहिती सात दिवसांच्या आत नमुना ज मध्ये सादर करावी.' मी ते तीनदा वाचलं. जमिनीतलं पाणी, आकाशातलं पाणी, असा भेद त्यात कुठेही केलेला नव्हता. 'कोणताही' म्हणजे कोणताही.

बाईंना त्रास नको म्हणून नमुना ज मीच भरला. स्रोताचा प्रकार: विहीर, झरा, तलाव, इतर. मी 'इतर'वर खूण केली. अंतर: चारशे पन्नास. बाईंच्या कागदावर प्रकाशवर्षं लिहिलं होतं, पण फॉर्मवर किलोमीटर हा शब्द आधीच छापलेला होता, आणि छापील मजकुरात खाडाखोड करायची नाही असं खाली टीपेत होतं. क्षमता: पाच समुद्र. दूषितपणा: निरंक. शोधणाऱ्याचा राहता पत्ता: आमची वसाहत, इमारत क्रमांक दोन. शेवटी एक रकाना होता, 'स्रोताचे लाभधारक'. तो मी कोरा ठेवला, कारण त्या ताऱ्याजवळ कोणी राहतं का याची अधिकृत माहिती माझ्याकडे नव्हती.

संचालकसाहेबांनी सही केली. साहेब वाचत नाहीत. वाचत बसले तर सह्या कधी करणार? तिसऱ्या दिवशी कागद गेला. सातव्या नाही, तिसऱ्या. याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

महिन्याभरात वसाहतीला पुरस्कार मिळाला. खरंच सांगतो. पाणीपुरवठा खात्याचे मोठे साहेब, ज्यांना मी पुढे जलसाहेब म्हणेन, ते स्वतः गाडीतून आले आणि त्यांनी आमच्या फाटकावर निळ्या अक्षरांची पाटी लावली: 'जलसमृद्ध वसाहत, प्रथम क्रमांक.' टाळ्या झाल्या. फोटो निघाले. ताऱ्याबाईंना मध्ये उभं केलं. त्या सारखं म्हणत होत्या, "अहो, पण ते पाणी..." पण फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तोंड मिटा, फोटो हलतो."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला नळाने फुस्स केलं.

सात वाजले, साडेसात वाजले, आठ वाजले. ही हातात कळशी घेऊन नळासमोर तशीच उभी. "अहो, जरा बघा ना, पाइप फुटलाय का कुठे."

पाइप फुटलेला नव्हता. फाटकाजवळचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घातलं होतं, आणि कुलपाला चिठ्ठी लटकत होती: 'लाभक्षेत्रात स्वतंत्र व मुबलक स्रोत उपलब्ध असल्याने पुरवठा वळवण्यात आला आहे.' मी ऑफिसात जाऊन मूळ नियम काढले. कलम अकरा: ज्या स्रोताचे लाभधारक नमूद नसतील, त्या स्रोताचे लाभधारक शोधणाऱ्याच्या वसाहतीतले रहिवासी समजावेत. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण कलम एकदम स्पष्ट होतं. असं स्पष्ट कलम हल्ली बघायला मिळत नाही.

त्याच दिवशी मी आणि ताऱ्याबाई खात्यात गेलो. जलसाहेबांच्या टेबलावर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास होता. बाई सकाळपासून तहानलेल्या. त्यांची नजर त्या झाकणावरून हलेना.

"साहेब, काहीतरी गैरसमज झालाय," बाई म्हणाल्या. "ते पाणी आमच्यासाठी नाही."

"पाणी आहे की नाही?"

"आहे. पण..."

"मॅडम, फॉर्ममध्ये 'पण'ला रकाना नाही. आहे की नाही?"

"आहे. वाफेच्या रूपात आहे."

"मग थंड करून घ्या. स्रोतापासून पुढची प्रक्रिया लाभधारकांनी करायची असते."

"अहो, चारशे पन्नास प्रकाशवर्षं लांब आहे! आज मला जे दिसलं ते चारशे पन्नास वर्षांपूर्वीचं पाणी आहे!"

जलसाहेब पहिल्यांदाच सावरून बसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे स्रोत जुना आहे? साडेचारशे वर्षं? आणि इतकी वर्षं नोंद नाही?" ते माझ्याकडे वळले. "हे तुम्ही कळवलं नव्हतंत."

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे कागद सोमवारीच आला."

"ठीक आहे, विलंब माफ करतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ते खरोखरच मोठ्या मनाने केलं. "पण जुना स्रोत म्हटल्यावर देखभाल आली. पाणी साचलेलं आहे का? साचलं असेल तर डास होतात."

"फिरतंय," बाई दातओठ खात म्हणाल्या. "ताऱ्याभोवती फिरतंय."

"वाहतं पाणी," साहेबांनी लिहून घेतलं. "उत्तम. मग फक्त कुंपण, पोहण्यास मनाईची पाटी आणि एक राखणदार."

राखणदार आठच दिवसांत हजर झाला. निवृत्तीला दीड वर्षं उरलेला, शांत स्वभावाचा, डबा घेऊन येणारा गृहस्थ. स्रोत कुठे आहे असं त्याने मला विचारलं. मी बोटाने वर दाखवलं. तो म्हणाला, "बरं." तेव्हापासून तो फाटकाशी खुर्ची टाकून आकाशाकडे तोंड करून बसतो. त्याची ड्यूटी दहा ते सहा, त्यामुळे तारा त्याने अजून पाहिलेला नाही. पण नोंदवहीत तो रोज इमानेइतबारे लिहितो: 'स्रोत सुरक्षित. पोहताना कोणी आढळले नाही.' पोहायला मनाईची पाटीही आली. ती टाकीवर लावली. टाकी कोरडी ठणठणीत, तेव्हा तशीही मनाई होतीच.

मधल्या काळात पाणी आणायचं कुठून? रस्त्यापलीकडे आमच्यासारखीच एक वसाहत आहे. त्यांच्या बागेच्या नळावरून आमच्या बायका कळशा भरून आणायच्या. दोन मजले चढून. ताऱ्याबाई तीन मजले, आणि आईचं सगळं अंथरुणातच, म्हणजे दिवसाला सात-आठ खेपा. त्यांचा लेख परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला होता, शेवटचं वाचन तेवढं राहिलं होतं. खेपा संपवून त्या ऑफिसात वाचायला बसायच्या आणि टेबलावर डोकं ठेवून झोपायच्या.

एकदा त्या हिची कळशी परत द्यायला आमच्याकडे आल्या होत्या. हिने विचारलं, "ताई, एवढ्या लांबचं पाणी दिसतं तरी कसं हो?"

"अवघड असतं, काकू. इथल्या हवेतही वाफ असते. ती दुर्बिणीच्या आड येते. म्हणून आधी इथलं पाणी वजा करायचं, मग तिथलं दिसतं."

ही म्हणाली, "मग खात्याचं काय चुकलं? त्यांनीही तेच केलं की."

बाई हसायला लागल्या. हसता हसता खालीच बसल्या, आणि मग हसायचं थांबलं तरी बराच वेळ उठल्या नाहीत. ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि माझ्याकडे असं बघत होती की मी उठून गॅलरीत गेलो.

आता पलीकडच्या वसाहतीचं ऐका. आमच्या बायका रोज त्यांच्या नळावर, आणि पुरस्काराची पाटी आमच्या फाटकावर! हे त्यांना सलायला लागलं. "यांच्याकडे पाच समुद्र आणि कळशी घेऊन येतात आमच्या दारात," असं तिथली माणसं उघड बोलायला लागली. त्यांनी खात्याकडे अर्ज केला: तारा आमच्याही गच्चीवरून तेवढाच दिसतो, तरी एक समुद्र आम्हाला मिळावा.

आमच्या वसाहतीत हे कळलं मात्र, काय सांगू! तीन महिने ज्यांनी घरात आंघोळ केली नव्हती ती माणसं कडाडून उठली. फाटकावर सभा झाली. आमचे ग्रंथपाल खुर्चीवर चढले. "एक थेंब देणार नाही!" असं त्यांनी ओरडून सांगितलं, आणि घसा कोरडा पडल्यामुळे पुढचं भाषण खुणांनी केलं. संस्थेचा ड्रायव्हर रिकाम्या बादलीवर थाप मारून घोषणा देत होता. मी घोषणा दिल्या नाहीत. मी फक्त निवेदनाची तीन प्रतींत टिपणी तयार केली.

खात्याने दोघांचंही समाधान केलं. पलीकडच्यांना दुसऱ्या एका ताऱ्याचं पाणी मिळालं. ताऱ्याबाईंच्या लेखाच्या शेवटी आणखी सात ताऱ्यांची यादी होती, तिथून एक उचलला. आणि आमच्या हक्काला धक्का लागू नये म्हणून आम्हाला प्रत्येक बिऱ्हाडाला हिस्सा-प्रमाणपत्र दिलं. पाच समुद्र भागिले अठ्ठेचाळीस. माझ्या वाट्याला एका समुद्राचा दहावा भाग, आणि वर थोडं. हिरवा कागद, गोल शिक्का, माझं पूर्ण नाव. मी ते प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं आणि दिवाणखान्यात लावलं. आयुष्यात माझ्या नावावर एवढं काही कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्यांच्या नळानेही फुस्स केलं. लाभक्षेत्रात स्वतंत्र स्रोत, कलम अकरा. बागेचा नळही गेला. आता कळशी घेऊन जायचं तर पाऊण तास चालत, ओढ्याच्या पुलापलीकडे.

त्याच आठवड्यात ताऱ्याबाईंच्या आईला ताप भरला. पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "रोज दोनदा अंग पुसून स्वच्छ ठेवायला हवं. भरपूर पाणी वापरा." दुसऱ्या दिवशी साडेदहाला, मी कुलूप उघडायच्या आधीच, त्या माझ्या टेबलाशी उभ्या होत्या.

"काका, हे थांबवायला काय करावं लागतं?"

मला माहीत होतं. मी आधीच बघून ठेवलं होतं. "नमुना झ, मॅडम. स्रोत रद्द करण्याचा अर्ज. शोधणाऱ्याने लिहून द्यायचं की पाणी आढळलं नाही. आणि लाभधारकांपैकी तीन चतुर्थांश जणांच्या सह्या. म्हणजे छत्तीस."

"पण पाणी आहे."

"हो."

"मी ते पाहिलंय, काका. सहा वर्षं रेघा काढून."

"हो मॅडम. दोन प्रतींत लागेल."

त्यांनी पेन घेतलं. 'सदर ताऱ्याभोवती पाणी' इथपर्यंत लिहिलं आणि थांबल्या. बाहेर राखणदार खुर्ची सरकवत होता, तो आवाज येत होता. मग त्यांनी 'आढळून आलेले नाही' लिहिलं, भराभरा, आणि सही केली. दुसऱ्या प्रतीवर सही करताना कागद भिजला. मी टिपकागद पुढे केला. "शाई पसरेल," असं काहीतरी मी म्हणालो.

"हे फक्त खात्यासाठी ना?"

"नियमाप्रमाणे जाईल," मी म्हटलं.

नियम असा आहे की मूळ माहिती जिथे जिथे गेली, तिथे तिथे दुरुस्तीही गेली पाहिजे. मूळ माहिती त्या परदेशी नियतकालिकालाही गेली होती, माझ्याच जावक नोंदवहीतून. तेव्हा त्यांनाही एक प्रत माहितीसाठी पाठवली. त्याच दिवशी. चार दिवसांत त्यांचं उत्तर आलं: लेखिकेने स्वतःच निष्कर्ष मागे घेतल्याने लेख रद्द करण्यात येत आहे, प्रामाणिकपणाबद्दल आभार. ते उत्तर मीच आवक केलं, मीच वर नेऊन दिलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

राहिल्या छत्तीस सह्या. मी नमुना झ घेऊन दारोदार गेलो. मला वाटलं होतं, तासाभरात होईल काम. पाण्यावाचून माणसं मेटाकुटीला आली होती.

ग्रंथपाल म्हणाले, "सही करायला माझी काहीच हरकत नाही. आधी पस्तीस होऊ द्या, छत्तिसावी माझी."

ड्रायव्हर म्हणाला, "आपण सोडलं तर पलीकडचे घेतील. लिहून ठेवा."

प्रयोगशाळेतले मदतनीस दाराआडून म्हणाले, "मुलाचं लग्न जमतंय हो. मुलीकडच्यांना समुद्राचा दहावा भाग सांगून बसलोय. लग्न होऊन जाऊ द्या, मग करतो."

तळमजल्यावरच्या वहिनी ओढ्यापलीकडून नुकत्याच आल्या होत्या. दोन्ही हातांत घागरी, दम लागलेला. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे सही केली की आमचं पाणी जाणार? वा रे वा! आधीच पाणी नाही, त्यात हे!"

सत्तेचाळीस दारं झाली. सह्या किती, ते विचारू नका. आमच्या इमारतीत शेवटचं दार उरलं ते माझंच. आत गेलो. ही नळाखाली मोकळी कळशी ठेवून स्टुलावर बसली होती. सवयीने रोज ठेवते.

"झाल्या सह्या?"

"नाही."

"तुमची?"

मी कागद टेबलावर ठेवला.

"मी केली असती," ही म्हणाली. "पण बिऱ्हाड तुमच्या नावावर. करा ना हो. छत्तीस होवोत न होवोत, निदान त्या वरच्या लेकराला दिसेल तरी, कुणीतरी केली म्हणून."

मी पेनाचं टोपण काढलं. समोर भिंतीवर हिरवं प्रमाणपत्र होतं. गोल शिक्का, पूर्ण नाव. मी विचार केला, मी सरकारी माणूस आहे. नोंद झालेलं पाणी नाही असं मी कसं लिहून देऊ? ते खोटं ठरेल. आणि मला खोटं जमत नाही. मी टोपण परत लावलं. ही उठली, कळशी घेतली आणि वर गेली, ताऱ्याबाईंच्या आईचं अंग पुसायला. कळशीत तळाला होतं तेवढं पाणी. त्या दिवसापासून ही माझ्याशी बोलत नाही. त्या सकाळच्या दीड तासातलं भांडणसुद्धा करत नाही.

तर सध्याची स्थिती अशी. शास्त्रात पाणी नाही, कारण शोधणाऱ्यानेच तसं लिहून दिलंय. नळाला पाणी नाही, कारण रजिस्टरला आहे. आणि रजिस्टरला पाच समुद्र पूर्ण शिल्लक आहेत, कारण छत्तीस सह्या झालेल्या नाहीत. राखणदार रोज लिहितो, स्रोत सुरक्षित. सहा वर्षं घालवून जिने ते पाणी पाहिलं, ती बाई पुलापलीकडे रांगेत उभी असते, आणि रांगेतले लोक तिला म्हणतात, "तुमच्यामुळे."

आता तुम्ही हसत असाल. हसा. पण आपली ओळख आहे, हे मला सांगायलाच हवं. आमच्या पुरस्काराची बातमी छापून आल्यापासून माझ्याकडे अर्जांचा ढीग पडलाय: 'आमच्याही वसाहतीला एखाद्या ताऱ्याचा हिस्सा मिळावा.' गेल्या बुधवारी एक अर्ज आला. तुमच्या इमारतीचा. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि एकविसाव्या ओळीतली सही तुमची आहे. घाईत केलेली दिसते. कुणीतरी जिन्यात कागद पुढे केला असेल, "सगळ्यांनी केल्यात, तुम्हीही करा," म्हटलं असेल, आणि फुकट मिळतंय तर कशाला नाही म्हणा, असं तुम्हाला वाटलं असेल.

अर्ज पुढे जायच्या आधी सही मागे घ्यायची असेल तर नमुना झही लागत नाही, माघारीचा साधा फॉर्म माझ्याकडे आहे. एक पान, एक सही, पेनही मीच देईन. माझं टेबल तळमजल्यावर, जिन्याशेजारी. साडेदहा ते साडेपाच मी तिथेच असतो. अर्ज सात दिवसांत पुढे जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या नळाला आज सकाळी पाणी आलं असेल, ते अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे म्हणूनच. आज सहावा दिवस आहे, पाच वाजत आलेत, आणि जिन्याकडून अजून कुणाची चाहूल नाही.